दोघींचा एकच चंद्र

मी निवृत्त झाले तेव्हा धाकट्या जावेने विचारलं, "ताई, आता विचारायला हरकत नाही. इतकी वर्षं तुम्ही नक्की काय करत होता?" आमच्या घरात मी 'कॉम्प्युटरमध्ये' आहे एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. तिला म्हटलं, दुसऱ्यांनी लिहून ठेवलेलं दुरुस्त करत होते. ती जरा नाराज झाली. तिला काहीतरी मोठं ऐकायचं होतं.

पण खरं तेच होतं. नव्वदच्या दशकात पुण्यात सॉफ्टवेअरच्या कंपन्या निघाल्या तेव्हा नवीन प्रोग्राम लिहिणाऱ्यांना परदेशी पाठवायचे आणि लिहिलेलं बिघडलं की इथे राहिलेल्यांना बोलवायचे. मी राहिलेल्यांपैकी. पुढे नोकरी सोडून मी हेच काम स्वतंत्रपणे करू लागले. कारखाने, छापखाने, क्लासेस, दवाखाने, ज्याचं यंत्र रुसेल तो मला फोन करायचा. नवीन प्रोग्राम लिहिणाऱ्याला पेढे मिळतात. दुरुस्त करणाऱ्याला, "आधी चांगला चालत होता हो," हे ऐकून घ्यावं लागतं.

या कामात माझ्या वाट्याला एका जातीचे बिघाड फार आले. एक काम वाटून घेऊन अनेक जण एकाच वेळी करू लागले की होणारे बिघाड. माणसांना वाटतं, चार जण लावले की काम चौपट वेगाने होतं. कधी कधी होतंही.

याचा पहिला धडा मला सदाशिव पेठेतल्या एका क्लासने दिला. तिथे प्रवेशाच्या दोन खिडक्या होत्या आणि अधूनमधून दोन मुलांना एकच नंबर मिळायचा. कारण साधं होतं. प्रोग्राम शेवटचा नंबर बघायचा, त्यात एक मिळवायचा आणि नवा नंबर द्यायचा. दोन्ही खिडक्यांवर एकदम कळ दाबली गेली की दोघांनाही तोच शेवटचा नंबर दिसायचा आणि दोघंही त्यात एकच मिळवायचे. मी क्लासच्या सरांना दुरुस्ती सुचवली. सरांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दोन खिडक्यांच्या मधोमध पाटी लावली: 'शेजारच्या खिडकीवर नोंदणी चालू असल्यास आपण थांबावे. घाई असणाऱ्यांनी घरूनच लवकर निघावे.' नंबर परत कधी चुकले नाहीत. मला कामाचे पैसे मिळाले नाहीत, पण ती पाटी माझ्या धंद्यातलं एक अस्सल तंत्र होतं. एकाचं संपेपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. मोठमोठ्या प्रोग्राममध्ये आम्ही तेच करतो, फक्त इतक्या स्पष्ट मराठीत नाही.

हे सांगितलं ते पुढची हकिगत समजावी म्हणून.

लक्ष्मी रस्त्याच्या मागच्या एका गल्लीत वधूवर सूचक मंडळ होतं. ते चालवणाऱ्या सुमनताई एके दिवशी सकाळीच माझ्या दारात उभ्या राहिल्या. बाई बोलायला सडेतोड. मंडळात येणाऱ्या आईबापांना त्या बसायला खुर्ची द्यायच्या आणि मुलाचा पगार वाढवून सांगितला की उठवायच्या. त्या दिवशी मात्र त्यांचा आवाज खाली आलेला होता. त्यांनी पर्समधून दोन कागद काढून माझ्यासमोर ठेवले. एकाच मुलीचे आणि एकाच मुलाचे. एका कागदावर छत्तीसपैकी एकोणतीस गुण जुळत होते. दुसऱ्यावर अकरा, आणि शिवाय एकनाड.

ज्यांच्या घरात हे बघत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. जन्माच्या वेळी चंद्र कुठे होता त्यावरून दोघांचे गुण जुळवतात. निम्मे जुळले तरी पुष्कळ लोक समाधानी असतात. एकनाड निघाली तर मात्र बरीच घरं बोलणी तिथेच थांबवतात.

मुलगी प्राची. यवतमाळची, इथे एका आयटी कंपनीत प्रोग्राममधल्या चुका शोधणारी टेस्टर, मैत्रिणींबरोबर विश्रांतवाडीला राहणारी. मुलगा मंदार, एरंडवण्याचा. एकोणतीस गुणांच्या यादीवरून स्थळ कळलं, दोघं भेटले, पुन्हा भेटले आणि एकमेकांना पसंत पडले. लग्न ठरलं की साखरपुड्याच्या आधी गुणमेलनाचा नवा कागद काढून, त्यावर हळदकुंकवाची बोटं उमटवून तो मुलाच्या आईच्या हातात द्यायचा, अशी त्या मंडळाची पद्धत होती. सुमनताईंनी तो कागद काढला, न वाचता बोटं उमटवली आणि दिला. मंदारच्या आई करंदीकरबाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी वाचला. साखरपुडा थांबला.

"एकोणतीसचाच खरा आहे असं त्यांना लेखी द्या," सुमनताई म्हणाल्या. मी म्हटलं, आधी बघू तरी द्या. त्या म्हणाल्या, अहो, बघायचंय काय, पोरांनी एकमेकांना पसंत केलंय.

माझा पत्रिकेवर विश्वास नाही. आमचं लग्न रजिस्टर झालं आणि त्याच संध्याकाळी आम्ही घरी पिठलं-भात केला. पण गणित करायचं एकदा ठरवलं की उत्तर बरोबर आलं पाहिजे, यावर माझा विश्वास आहे. मी मंडळात गेले.

मूळ प्रोग्राम लिहिणारा मुलगा तोवर अमेरिकेत स्थिरावला होता. त्याने लिहिलेलं मी पूर्ण वाचलं आणि मला ते आवडलं. नेटकं काम होतं. एक भाग मुलीच्या जन्मवेळेवरून चंद्र काढायचा आणि तो एका फाइलमध्ये लिहून ठेवायचा. दुसरा भाग ती फाइल उघडून तो चंद्र घ्यायचा आणि मंडळातल्या सगळ्या मुलांशी गुण जुळवून यादी काढायचा. मग पुढची मुलगी. मी प्राचीची माहिती घालून चालवला. मंदारच्या नावापुढे अकरा आले. पुन्हा चालवला. अकरा. चहा पिऊन चालवला, तरी अकरा.

सुमनताईंचा चेहरा पडला. प्रोग्रामला म्हणावं तरी काय, माझ्यासमोर तो अगदी शहाण्यासारखा वागत होता.

संध्याकाळी प्राची आली. ऑफिसमधून थेट, गळ्यात अजून ओळखपत्राची पट्टी. तिच्या वडिलांचा यवतमाळहून मला आधीच फोन येऊन गेला होता. "हॉल झाला, लोकायले सांगून झालं. आता काय सांगू मी, तुमीच सांगा बाई." चूक सापडली की कळवते, एवढंच मी त्यांना म्हटलं होतं. प्राची माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो धंद्यातला, चूक पुन्हा घडवून दाखवता येते का असा.

"मॅडम, बग रिप्रोड्यूस होतोय का?"

मी म्हटलं, नाही. सुमनताईंनी तेवढ्यात आपला उपाय तिला ऐकवला, पहिलाच कागद खरा म्हणून टाकू, प्रश्न मिटला. प्राचीने मान हलवली. ती म्हणाली, "नको. मला खरा आकडा हवाय, कमी असला तरी चालेल. नाहीतर उद्या घरात कुणाला साधा ताप आला तरी तो दुसरा कागद कुणीतरी बाहेर काढेल."

मग खालच्या आवाजात म्हणाली, "पण मला मंदारशीच लग्न करायचंय." हे तिने मला का सांगितलं कोण जाणे. त्या खोलीत तेव्हा यंत्राशी बोलणारी मी एकटीच होते, म्हणून असेल.

मी सुमनताईंना विचारलं, गेल्या वर्षात काय बदललं? त्या म्हणाल्या, काही नाही. आमच्या धंद्यात 'काही नाही' या उत्तराचा अर्थ एकच असतो, तो प्रश्न पुन्हा विचारायचा. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांना आठवलं की यंत्र नवीन घेतलं होतं. त्या सुमारास एकाच डब्यात चार-चार मेंदू असलेली यंत्रं निघाली होती. दर शनिवारी सगळ्या मुलींच्या याद्या काढायला जुन्या यंत्राला दिवस लागायचा. यंत्र विकणारा म्हणाला, तोच प्रोग्राम चारदा चालू करा, मुली चौघांत वाटून द्या, जेवणाआधी काम संपेल. तसं संपतही होतं. सगळे खूश होते.

तिथे माझ्या डोक्यात ती क्लासची पाटी आली.

हे मी सुमनताईंना पंगतीच्या भाषेत सांगितलं, तसंच इथे सांगते. मूळ मुलाने प्रोग्राम लिहिला तो एका वाढप्यासाठी. स्वयंपाकघरात एक भांडं. वाढपी त्यात आमटी काढून घेतो, पळी उचलतो, बाहेर जाऊन वाढतो. कसलीही चूक नाही. आता वाढपी चार केले, पण भांडं तेच एक ठेवलं. पहिल्याने त्यात आमटी ओतली आणि तो पळी घ्यायला वळला. तेवढ्यात दुसऱ्याने त्याच भांड्यात खीर ओतली. पहिल्याने मागे वळून, न बघता भांडं उचललं आणि भातावर खीर वाढत गेला. दोघंही आपापल्या जागी बरोबर वागले. आणि हे रोज होत नाही. वळायच्या त्या निमिषात दुसरा आला तरच होतं.

ते भांडं म्हणजे चंद्राची फाइल. चारही प्रोग्राम एकाच नावाची एकच फाइल वापरत होते. साखरपुड्याचा कागद एकट्या प्राचीसाठी काढला, तेव्हा वाढपी एकच होता, म्हणून तो बरोबर आला.

अंदाज बरोबर असणं वेगळं आणि दाखवता येणं वेगळं. मी चारही प्रोग्राम एकदम सोडले. याद्या अचूक. पुन्हा सोडले, पुन्हा अचूक. कुठे काय चाललंय ते दिसावं म्हणून प्रोग्रामला प्रत्येक पायरीवर बोलायला लावलं. बोलण्यात वेळ जाऊन सगळ्यांच्या चाली बदलल्या आणि चूक पार नाहीशी झाली. हा या जातीच्या बिघाडाचा स्वभावच आहे. बघायला गेलं की नसतो. तरुणपणी मी यापायी रडकुंडीला आले आहे.

मग मी उलटं केलं. चंद्र लिहिणं आणि चंद्र वाचणं, या दोन्हींच्या मध्ये मुद्दाम थोडी डुलकी घालून दिली. म्हणजे वाढपी पळी घ्यायला वळला की जरा रेंगाळेल. आता भांडं बराच वेळ बेवारशी राहू लागलं आणि याद्यांचा धुव्वा उडाला. कुणाचा चंद्र कुणाला. प्राची टाळी वाजवणार होती, तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की आपण टाळी कशाला वाजवतोय.

शेवटचा पुरावा तिनेच सुचवला. ती म्हणाली, "माझ्या यादीत दुसरीचा चंद्र आला असेल, तर त्या शनिवारी माझी आणि तिची यादी अगदी सेम असणार." तशी होती. त्या शनिवारच्या सगळ्या याद्या यंत्राकडून एकमेकींशी ताडून घेतल्या तेव्हा एक यादी प्राचीच्या यादीशी पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत जुळली. कात्रजची एक मुलगी. इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मंडळात प्रत्येकीला फक्त आपली यादी दाखवतात. कात्रजच्या मुलीची यादी तिच्या स्वतःच्या चंद्राची होती, म्हणजे बरोबर होती. मंदारशी एकोणतीस गुण तिचे जुळत होते.

प्राचीने पडद्यावरच्या दोन्ही याद्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हणजे बग नसता तर तो मला दिसलाच नसता." मी म्हटलं, नाही. मला तिची फार दया आली. आयुष्यात इतका नीट सापडलेला बिघाड मला इतका नकोसा कधी वाटला नव्हता.

करंदीकरबाईंना शनिवारी बोलावलं. बारीक चणीच्या, पांढरी सुती साडी, हातात छत्री. सुमनताईंनी मला आधीच बजावलं होतं की त्या दुसऱ्या मुलीचं नाव सांगायचं नाही आणि तोंडही आवरायचं. मी त्यांना सगळं सांगितलं. अकरा गुण खरे. एकोणतीस दुसऱ्या मुलीचे. चूक यंत्राच्या वापरातली, मुलीकडच्यांची नाही. पंगतीचं उदाहरण दिलं. त्यांनी मध्ये दोन शंका विचारल्या, त्या इतक्या नेमक्या की मला शाळेत फळ्यासमोर उभी असल्यासारखं झालं.

सुमनताई म्हणाल्या, मंदारला मुलगी पसंत आहे हे विसरू नका. करंदीकरबाई म्हणाल्या, ते मला घरात रोज ऐकू येतं. मग छत्री मांडीवर आडवी ठेवून त्या माझ्याकडे वळल्या.

"माझं लग्न पत्रिका न बघता झालं. यजमान लवकर गेले. सासूबाई शेवटपर्यंत म्हणत होत्या, बघितली असती तर आधीच कळलं असतं. ते वाक्य मला माझ्या सुनेला म्हणायचं नाही. म्हणून मी बघते."

 मी आजवर पत्रिका बघणाऱ्यांना मनातल्या मनात हसत आले होते. या बाईला हसणं मला जमलं नाही.

त्या पुन्हा शिक्षिकेच्या आवाजात म्हणाल्या, "मला एक सांगा. त्या दोघींचे चंद्र एकदमच लिहायला गेले. त्यातला कुणाचा आधी आणि कुणाचा नंतर, हे कोण ठरवतं?"

"कुणीच नाही," मी म्हटलं. "त्या क्षणी यंत्र काय करत होतं, त्यावर अवलंबून."

"पुन्हा चालवलं तर तसंच होईल?"

"सांगता येत नाही. क्षणभर इकडेतिकडे झालं तरी निराळं होतं."

"म्हणजे कोण नेमकं कुठल्या क्षणी आलं, त्यावर सगळं."

"हो."

करंदीकरबाई उठल्या. छत्री हातात घेतली.

"अहो मग पत्रिका म्हणजे तरी दुसरं काय असतं? आम्ही इतकी वर्षं तेच म्हणतोय आणि तुम्ही शिकलेली माणसं आम्हाला हसता." त्या सुमनताईंकडे वळल्या. "त्या मुलीचा चंद्र प्राचीच्या नावावर पडायचा होता, तो पडला. साखरपुडा पुढच्या आठवड्यात करू. तो अकरा गुणांचा कागदही द्या. मी तो गणपतीपुढे ठेवीन, लपवणार नाही."

त्या जिना उतरून गेल्या. मी पुन्हा यंत्रासमोर बसले. माझ्या सगळ्या खटाटोपाचा त्यांनी जो अर्थ लावला तो मला साफ नामंजूर होता, आणि खोडून मात्र काढता येत नव्हता. मला आनंद झाला होता. प्राचीसाठी पोटातून आनंद झाला होता.

दुरुस्ती अगदी किरकोळ होती. चार वाढप्यांना चार भांडी दिली. प्रत्येक प्रोग्रामने आपली फाइल आपल्या वेगळ्या नावाने ठेवायची, दुसऱ्याच्या भांड्याला हात लावायचा नाही. मी ती बसवत होते तेवढ्यात फोन वाजला. सुमनताईंनी घेतला. बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फोनवर तळहात ठेवला.

कात्रजच्या मुलीची आई होती. त्या दर शनिवारी फोन करायच्या. यादी हातात पडली तेव्हा त्यांनाही मंदारचं स्थळ सगळ्यांत आवडलं होतं, पण आधी घरच्यांशी बोलून मग कळवू म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी फोन केला. प्राचीच्या वडिलांचा फोन आदल्याच संध्याकाळी येऊन गेला होता. त्यानंतर ती बोलणी थांबल्याचं कात्रजच्या या बाईंच्या कानावर आलं होतं. त्या विचारत होत्या, ते एरंडवण्याचं स्थळ अजून मोकळं आहे का. आमच्या मुलीचे गुण फार छान जुळत होते हो, असं म्हणत होत्या.

सुमनताईंनी हलक्या आवाजात मला विचारलं, "काय सांगू?"

हा प्रश्न मला विचारायचं खरं तर काही कारण नव्हतं. मी फक्त यंत्र दुरुस्त करायला आले होते. त्या मुलीची यादी बरोबर होती, एकोणतीस गुण तिचेच होते आणि बिघाडात तिचा काडीचाही दोष नव्हता. जे मी दुरुस्त करत होते त्याने तिला काहीच मिळणार नव्हतं.

"ठरलं म्हणून सांगा," मी म्हटलं.

सुमनताईंनी तसं सांगितलं. पलीकडून त्या बाई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर सुमनताईंनी चष्मा पुसला आणि मला म्हणाल्या, चालवून बघा एकदा. मी चारही प्रोग्राम सोडले. जेवणाआधी सगळ्या याद्या निघाल्या आणि त्यातल्या कुठल्याही दोन सारख्या नव्हत्या.